न तपासता 'डेड' सांगायचे २०० रुपये

कालपासून डोकं ठणकतंय. इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात माझा चांगला चालता एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, दहा सेकंदांत 'डेड' ठरवला आणि वर २०० रुपये घेतले, चेकिंग चार्ज म्हणून. कसलं चेकिंग? चेकिंग झालंच नाही, त्याचाच तर राग आहे.

काल सकाळी पीसी चालू होईना. बटण दाबलं तर ना पंखा, ना लाईट, ना बीप. तारीख १८, अकरा जणांचे जीएसटीचे रिटर्न माझ्याकडे पडलेले, २० च्या आत गेलेच पाहिजेत आणि सगळा डेटा त्याच डब्यात. व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर नेमका धाकट्या दिरांकडे लोकमान्य नगरला. म्हटलं आणायला जाण्यापेक्षा दुकानात पटकन होईल, ह्यांना गाडी काढायला लावली, कॅबिनेट मांडीवर घेऊन राजवाड्याच्या त्या गर्दीतून गेलो, पार्किंगसाठी दोन चकरा मारल्या आणि शेवटी लांब गाडी लावून तो डबा दोघांनी धरून चालत नेला.

दुकानातल्या पोरानं एसएमपीएस बाहेर काढला, केबल खुपसली, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबलं, पंखा फिरला नाही. "भिया, गया ये तो. डेड है." हे ह्यांच्याकडे बघून. मी समोर उभी, प्रश्न मी विचारतेय आणि उत्तर ह्यांना, ज्यांना पेनड्राईव्ह कुठे लावायचा तेसुद्धा मला विचारावं लागतं! मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय हो, सोल्डरिंगचे चटके अजून बोटांवर आहेत. मी म्हटलं, "भैया, हरी वाली को काली से शॉर्ट करके देखो ना." तर मालक गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "मैडम, बिना मदरबोर्ड के ये चलता ही नहीं है. शॉर्ट करोगे तो ब्लास्ट हो जाएगा. पच्चीस साल से यही काम कर रहे हैं."

पंचवीस वर्षं! आणि एटीएक्स, म्हणजे आजच्या पीसी सप्लायचा हा नमुना, १९९५ पासून आहे! म्हणजे ह्या माणसानं सबंध धंदा ह्याच सप्लायवर केला आणि नुसती मेन्स, म्हणजे भिंतीतली वीज, दिल्यावर त्याचा पंखा फिरणारच नसतो एवढं त्याला माहीत नाही. त्याच्या आधीच्या जुन्या एटी सप्लायला पुढचं बटण म्हणजे खरोखर मेन्सचा स्विच होता, ते दिवस गेले. आता सप्लाय झोपून राहतो, फक्त जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट स्टँडबाय देतो आणि हिरवी वायर कोणी ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, जोडेपर्यंत वाट बघतो. ते काम मदरबोर्ड करतो. मदरबोर्ड नसेल तर वायरचा एक तुकडा करतो. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ नंबरची हिरवी, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्याच, १५ आणि १७, कुठलीही घ्या. त्या पिनवर ५ व्होल्टच असतात, करंट जवळजवळ नाहीच, ब्लास्ट कशाचा होणार? बरं, शॉर्ट करायचं नव्हतं तर नको, नुसत्या जांभळ्या वायरवर मीटर लावला असता तरी निम्मं कळलं असतं. मीटर समोर काउंटरवर होता, त्यावर बिलं ठेवली होती.

नवा २२०० ला म्हणाला. जुना इथेच सोडून जा, १०० रुपये कमी करतो. त्या १०० रुपयांनी मला शहाणं केलं. मेलेली वस्तू आहे तर तुला कशाला हवी रे?

बरं, जो नवा देत होता तो तरी काय होता. डब्यावर ठसठशीत ४५० वॅट. उलटा करून बारीक अक्षरातलं लेबल वाचलं, १२ व्होल्टला १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट. आजच्या पीसीत सगळं ओझं १२ व्होल्टवरच पडतं, प्रोसेसर तिथूनच खातो आणि ग्राफिक्स कार्डही, मग ते ४५० कुठून आले? दोन वर्षांपूर्वी भाचीच्या पीसीला असाच एक '५०० वॅट' बसवला होता, गेम चालू केला की मशीन बंद, आणि दुकानदार म्हणे विंडोज खराब आहे, फॉरमॅट मारा. तिचे बारावीचे सगळे नोट्स गेले त्यात. ते मी विसरलेले नाही.

आणि त्यांच्या एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंग नव्हतं. पोरानं उघड्या कॅबिनेटला हात लावला आणि झटकला, मी बघितलं. सप्लायच्या फिल्टरचे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, अर्थला जोडलेले असतात, अर्थ नसला की सगळी बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते, त्या झिणझिण्या त्याच. आमच्याकडे मागे एका इलेक्ट्रिशियननं थ्री पिनची जाडी अर्थची पिनच कापून टाकली होती, सॉकेटात बसत नाही म्हणून. बाबा तेव्हा होते, त्यांनी त्याला जिन्यातून परत बोलावून पिन बदलायला लावली होती. त्यांचा आवाज मला काल त्या दुकानात हवा होता.

घरी आले, पर्स सोफ्यावर फेकली, दिरांकडून मीटर मागवला. मेन्स काढलेली, मागचा स्विच बंद, मग इन्सुलेशन सोललेला वायरचा तुकडा हिरव्या आणि काळ्यात घातला. लोड म्हणून एक जुनी हार्ड डिस्क लावली, कारण जुने सप्लाय अगदी रिकामे चालवले की व्होल्टेज इकडेतिकडे पळतं. मग मेन्स, मग स्विच. पंखा फिरला! पिवळी १२.०८, लाल ५.०४, नारिंगी ३.३१, करडी वायरसुद्धा ५ दाखवतेय म्हणजे सप्लाय स्वतःच सांगतोय की मी ठीक आहे. पाच टक्क्यांची सूट असते, हा एक टक्क्याच्या आत! तो मालक समोर असता तर मीटर त्याच्या नाकासमोर धरला असता.

पंखा फिरला म्हणजे सप्लाय भरल्या लोडवर टिकेलच असं नाही, ते मलाही कळतं. पण 'चालू होतो की नाही' एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका वायरवर होतं.

आणि वायरच्या तुकड्याची हीच चाचणी दाखवणारे ते व्हिडिओवाले. तो तुकडा मेन्स चालू असताना घालतात, वर ढणढण संगीत. शेजारच्या काकूंच्या नातवानं असंच काहीतरी बघून सप्लायचं झाकणच उघडलं होतं, तुकडा झाकणाच्या आत लावायचा असं वाटलं त्याला. आत मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट, प्लग काढल्यावरसुद्धा राहतात काही वेळ. सोळा वर्षांचं पोर. मी त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर हिसकावला तेव्हा माझेच हात थरथरत होते. झाकण उघडायचं नाही हे एक वाक्य पहिल्यांदा सांगायला काय जातं ह्या लोकांचं? आणि आता सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या करणारे कंपनीवाले. दिसायला छान म्हणे. मग पिना मोजत बसा चष्मा लावून.

दोष कुठे होता माहितेय? कॅबिनेटच्या पॉवर बटणात. आतला स्विच गेलेला. सप्लाय परत बसवला, मदरबोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, पीसी सुरू. रीसेटच्या बटणाची वायर काढून त्या पिनांवर लावून टाकली, आता रीसेट दाबला की चालू होतो. रात्री दीड वाजेपर्यंत बसून सात रिटर्न भरले, उरलेले चार आज सकाळी.

शनिवारी जाणार आहे परत. २०० रुपयांची पावती आहे माझ्याकडे, वायरचा तुकडाही पर्समध्ये ठेवलाय. ह्यांना सांगितलंय, तुम्ही गाडीपाशीच थांबा, मी एकटी जाते, म्हणजे त्याला माझ्याशीच बोलावं लागेल.