उद्या गुरुपौर्णिमा, आणि परवा तुम्ही मॅडमना फुकटखाऊ म्हणालात

सोमवारी संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज आला. 8 आणि 9 जुलै 2025, शाळा बंद, शिक्षक रखडलेल्या अनुदानासाठी मुंबईला आझाद मैदानावर आंदोलनाला जात आहेत. पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात एका बापाचं उत्तर: "ऐंशी-ऐंशी हजार पगार घेऊन पण यांचं पोट भरत नाही." खाली सात-आठ जणांचे अंगठे. मग दुसऱ्याचं, "पोरींचं दहावीचं वर्ष आहे आणि यांना सुट्ट्या पाहिजेत." मग तिसऱ्याने सरळ लिहिलं, "फुकटखाऊ."

त्या तिसऱ्याला मी ओळखते. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे. मागच्या वर्षी नववीत ती बीजगणितात सपाटून आपटत होती. आज मैदानावर बसलेल्या आमच्या गणिताच्या मॅडमनी दिवाळीनंतर तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि पास केलं. एक रुपया घेतला नाही. ज्या हाताने त्याने त्या मॅडमना तेव्हा पेढे दिले, त्याच हाताने हा शब्द टाइप केला. दोन दिवस झाले, माझ्या डोक्यातून तो शब्द जात नाही.

माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. शाळेचे कागद माझ्या काउंटरवरून जातात. त्यामुळे कोणाला किती पगार आहे आणि कोण किती राबतंय, हे मला ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपेक्षा जरा जास्त माहीत आहे.

ऐंशी हजार म्हणे! या मॅडम 2009 ला शाळेत लागल्या. त्यांची तुकडी विनाअनुदानित, म्हणजे पगाराला सरकारचा पैसा नाही. त्याच वर्षी सरकारने 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द काढला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं, दोन-तीन वर्षांत अनुदान येईल. अकरा वर्षं लागली. एमएस्सी, बीएड झालेल्या बाईने अकरा वर्षं सरकारचा एक रुपया न घेता तुमच्या-आमच्या पोरींना शिकवलं. 2020 च्या नोव्हेंबरपासून 20 टक्के. 2023 च्या जानेवारीपासून 40 टक्के. म्हणजे पूर्ण पगाराच्या चाळीस टक्के, त्यातून कपाती, हातात पडतात वीस-बावीस हजार. उरलेला पगार संस्थेने द्यायचा असतो. संस्थेने आजपर्यंत किती दिला? काही नाही. उलट स्नेहसंमेलनाच्या मांडवाला वर्गणी मात्र शिक्षकांकडूनच.

पुढचा 20 टक्क्यांचा टप्पा देतो म्हणून शासन निर्णय निघाला 14 ऑक्टोबर 2024 ला. दुसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. मॅडमनी त्या निर्णयाच्या चार प्रती माझ्याकडूनच काढून नेल्या होत्या. पाय जमिनीवर नव्हते त्यांचे. निवडणूक झाली, सरकार आलं, अधिवेशनं झाली, बजेट झालं. निर्णय कागदावर आहे आणि पैशाची तरतूद नाही. नऊ महिने! त्यासाठी बसलेत ते लोक मैदानावर, चिखलात, डोक्यावर ताडपत्री धरून. नवीन काही मागत नाहीयेत. सरकारने सही करून जे दिलं तेच मागतायत.

आणि हो, मॅडम रात्री साड्यांना फॉल-पिको करतात. गल्लीबाहेर फार कोणाला माहीत नाही, पण माझ्या तीन साड्यांना फॉल त्यांनीच लावलाय. मागच्या वर्षी एका साडीच्या पिशवीत चुकून घटक चाचणीचा पेपर आला होता. लाल शाईने तपासलेला, शेवटच्या गणितापाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, "पायरी बरोबर, चिन्ह चुकलं, परत कर." रात्री अकराला मशीनवर बसून फॉल लावायचा आणि मध्येच पेपर तपासायचे. कुणाची ऐपत आहे का ग्रुपवर एवढं राबायची?

आता कामाचं सांगते, कारण पगाराइतकाच राग मला त्याचा आहे.

जून उजाडला की मॅडम माझ्या दुकानात येतात ते मुलींच्या आधारची यादी घेऊन. मुलीचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर ती मुलगी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, धरली जात नाही. मुलगी वर्गात बसलेली असते, हजेरी देते, पोर्टलवर मात्र ती नाही. अशा दहा-बारा मुली कमी दिसल्या की पट घसरतो आणि शिक्षकाचं एक पद जातं. म्हणून आई-बापाने जन्मापासून चुकवून ठेवलेलं स्पेलिंग दुरुस्त करायला कोणी पळायचं? शिक्षकांनी. त्यात मुलगी पंधराची झाली की बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, म्हणजे नेमक्या आमच्या नववी-दहावीतल्या पोरी. मागच्या महिन्यात मॅडम एका मुलीला घेऊन आल्या. तिच्या बापाला चार फोन करून झाले होते, तो म्हणाला वेळ नाही. मी तिला शेजारच्या आधार केंद्रात नेलं. मशीन ठसे घेईना. पोरीची बोटं बघितली, वेचणी-खुरपणीने पार खरवडून गेलेली. मॅडमनी आपल्या पर्समधून व्हॅसलीनची डबी काढली, तिची दहाही बोटं एकेक करून चोळली, रुमालाने पुसली, परत ठेवली. चौथ्या वेळेला ठसे लागले. पाऊण तास गेला. तेव्हा दहावीचा गणिताचा तास चालू असायला हवा होता. वर्गात फळ्यावर काय होतं ते मला मुलीने घरी येऊन सांगितलं: "स्वाध्याय सोडवा."

आता बोला, तास कोणी बुडवला? मॅडमनी?

आधार झालं की यू-डायस, म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी पोर्टलवर भरायची. मग अपार आयडी, म्हणजे प्रत्येक मुलीचा शिक्षणाचा ओळख क्रमांक, त्याला पालकांची संमती पाहिजे, म्हणजे परत दारोदार. रोजच्या पोषण आहाराची ऑनलाइन नोंद. शिष्यवृत्तीचे फॉर्म. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं, तर आमच्या शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांना मोबाइल घेऊन घरोघर फिरवलं. बोर्डाची परीक्षा महिन्यावर होती, आणि ग्रुपवरचे हेच लोक तेव्हा गप्प होते. आता म्हणतात दहावीचं वर्ष! शिक्षण हक्काच्या कायद्यात कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं त्यात स्वच्छ लिहिलंय. 2009 चा कायदा. तो वाचायचा कोणी?

शाळेतला क्लार्क निवृत्त झाला, जागा भरली नाही. शिपायाचं तर पदच सरकारने डिसेंबर 2020 मध्ये भत्त्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे कायमचा माणूस नाही, शाळेला फक्त ठरावीक भत्ता. मुलींची शाळा आहे ही, पाचवी ते दहावी, सगळ्या पोरी. आणि फाटकावर माणूस नाही. स्वच्छतागृहाकडे लक्ष ठेवायला मावशी नाही. बदलापूरची घटना झाली ऑगस्ट 2024 मध्ये, सगळा महाराष्ट्र हादरला, सरकारने सुरक्षेचं परिपत्रक काढलं: कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती बसवा. बसवली. त्याचं रजिस्टर कोण लिहितं? याच मॅडम. मधल्या सुट्टीत फाटकावर कोण उभं राहतं? याच मॅडम, डबा हातात धरून, उभ्या-उभ्या दोन घास. पोरीला वर्गात अचानक पाळी आली तर पॅड कोणाच्या कपाटात असतं, हे तुमच्या मुलींना विचारा. त्या पॅडचे पैसे कोण भरतं तेही विचारा.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की वर्गातले चार-पाच बाक रिकामे होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून पोरगी चौदा-पंधराची झाली की हंगामाच्या आधी लग्न उरकायची घाई. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका पोरीचं ठरलं होतं. मॅडमना वर्गातल्या मुलींनी सांगितलं. त्या स्कूटीवर बारा किलोमीटर गेल्या. बापाने दारात उभं करून शिव्या दिल्या. परत आल्या, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, ग्रामसेवकाच्या मागे लागल्या, पोरीच्या आजीला समजावलं. लग्न थांबलं. ती पोरगी यंदा दहावी पास झाली. कुठल्या पोर्टलवर आहे याचा रकाना? पगारात किती टक्के धरतात याचे?

मला कळतंय, सगळे शिक्षक असे नसतात. तास न घेता स्टाफरूममध्ये बसणारे मी पण पाहिलेत. ऐंशी हजार घेऊन शेती आणि प्लॉटिंग करणारेही आहेत. नागपूरकडे बनावट शालार्थ आयडी (शिक्षकांच्या सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) काढून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलंय, त्या लोकांना खुशाल आत टाका. पण त्यांचा राग तुम्ही कोणावर काढताय? जिला सोळा वर्षांत एकदाही पूर्ण पगार मिळालेला नाही तिच्यावर? मॅडमचा मागच्या महिन्याचा पगार कधी झाला हे तरी एकाने विचारलं का? संस्थाचालकाला विचारायची हिंमत नाही, कारण तो उद्या नगरपालिकेला उभा राहणार आहे. आमदाराला विचारायची हिंमत नाही, कारण त्याच्याच मागे फोटोत उभं राहायचंय. मॅडम सापडतात, कारण त्या उलट बोलणार नाहीत. ग्रुपवर त्या आहेत, हे तरी ध्यानात होतं का? त्यांनी सगळं वाचलंच असणार.

माझ्याही पोरीचे दोन दिवस बुडाले. मला पण काळजी आहे, मी काय वेगळी आई आहे? पण दोन दिवसांचा हिशोब मांडणाऱ्यांनी जूनपासून आधारच्या यादीत गेलेले तास मोजावेत. मागच्या वर्षी निवडणुकीच्या ड्यूटीत आणि ट्रेनिंगमध्ये किती दिवस गेले ते मोजावेत. विज्ञानाची जागा दीड वर्ष रिकामी आहे, गणिताच्याच मॅडम विज्ञानही घेतात, आठवी, नववी, दहावी तिन्ही वर्ग. त्याबद्दल पालक सभेत किती जण बोलले? सभेला आम्ही अकरा जणी होतो. अकरा! आणि ग्रुपवर दोनशे मेंबर.

आज रात्री मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, थोडक्यात. एकाने उत्तर दिलं, "ताई, ग्रुपवर राजकारण नको." आणि मग ॲडमिननी ग्रुप बंद केला, आता फक्त तेच लिहू शकतात. फुकटखाऊ लिहिलं तेव्हा राजकारण नव्हतं, अंगठे दिले तेव्हा राजकारण नव्हतं. पगाराचे टक्के लिहिले तर राजकारण. म्हणून इथे लिहितेय.

मंत्री आज मैदानात येऊन गेले, आश्वासन दिलंय. अधिवेशन 18 जुलैला संपतंय, तोवर पैशाची तरतूद झाली तर झाली. मॅडमना दुपारी फोन केला तर आवाज पार बसलेला, मागे पावसाचा आणि घोषणांचा गलका. मला म्हणाल्या, "मुलीला सांगा, वर्गसमीकरणांचा दुसरा स्वाध्याय करून ठेव, शुक्रवारी बघते." रात्रीच्या गाडीने निघणार आहेत, उद्या दुपारपर्यंत पोचतील.

उद्या गुरुपौर्णिमा आहे. 10 जुलै 2025. सकाळी उठल्या-उठल्या याच ग्रुपवर ॲडमिन फुलांचा, समईचा फोटो टाकणार, खाली गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी उद्या त्या फोटोला हात जोडू नका, एवढीच माझी विनंती आहे. मला सहन होणार नाही.

आणि एक कामाचं. 31 मुलींची आधारची यादी माझ्या दुकानात पडून आहे, मॅडम आल्यावर करणार होत्या. मी उद्यापासून करायला घेतेय, दुकानाचा एक रुपया घेणार नाही. नावं मी खाली टाकणार नाही, पण प्रत्येक घरी मी स्वतः फोन करणार आहे. मुलीला घेऊन स्वतः या, सकाळी दहा ते एक. जन्मदाखला आणा. मॅडमना फोन करून "तुम्हीच घेऊन जा ना" म्हणू नका. त्यांचा तास असतो.