निपाणीकर, तो सीडींचा डबा भंगारात घालू नका

नमस्कार निपाणीकर,

जुन्या सीडींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाड्यांच्या वायरिंग मॅन्युअलच्या जुन्या सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालवायचा खटाटोप कशाला, मोबाइलवर सगळं मिळतं. आपले मिस्त्री टेस्ट लॅम्पवर, म्हणजे वायरीत करंट आहे का ते बघायच्या बल्बवर, फॉल्ट काढतात. आणि विंडोज एक्सपी ही जुनी सिस्टिम चालवायला सांगून मी लोकांना व्हायरस आणि पायरसीच्या वाटेला लावतोय. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की, वडिलांच्या गॅरेजमधल्या अशा सीडींचा एक डबा घरात पडून आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याकडे जाणार. त्या एका वाक्यामुळेच मी हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

मोबाइलवरचे व्हिडिओ मीही बघतो, काही फार चांगले असतात. पण व्हिडिओतली गाडी आणि तुमच्यासमोर उभी असलेली गाडी एकच असते का? एकाच मॉडेलमध्ये मधेच फ्यूज बॉक्स बदलतो, कपलर (वायरी जोडायचा प्लग) बदलतो. पॉवर विंडोवाल्या गाडीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) वेगळं, बिगर पॉवर विंडोवालीचं वेगळं. सीडीत मॉडेल, इंजिन आणि वर्ष निवडल्यावर त्याच गाडीच्या वायरिंगचा नकाशा समोर येतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजमधली केस सांगतो. खानापूरकडची जुनी डिझेल गाडी. हेडलाइट लावला की डावा इंडिकेटर मंद व्हायचा आणि हॉर्न घोगरा वाजायचा. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलून झाला होता, हॉर्न बदलून झाला होता, आता डायनामो उतरवायच्या गोष्टी चालल्या होत्या. नकाशा उघडला तर हेडलाइट, इंडिकेटर आणि हॉर्न या तिघांच्या अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या, वायरी एकाच बोल्टवर येत होत्या, आणि तो बोल्ट डाव्या हेडलाइटच्या मागे, आतल्या पत्र्यावर. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी त्या बोल्टवरच्या लगला (वायरीच्या टोकाच्या कडीला) लावली. चांगल्या अर्थिंगला तिथे 0.1-0.2 व्होल्टच्या वर काही दिसायला नको, इथे एक व्होल्टच्या वर दाखवत होता. बोल्ट खोलला तर लगखाली नुसता गंज, खानापूरच्या पावसाचा. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, गाडी ठीक होऊन गेली. नवा हॉर्न आणि नवा फ्लॅशर मात्र गिऱ्हाइकाच्या बिलात बसलेच होते. हे तीन दिवे-भोंगे एकाच जागी अर्थिंगला जोडलेत, हे टेस्ट लॅम्प कुणाला सांगणार?

आणि टेस्ट लॅम्पबद्दल एक कळकळीने सांगतो. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला तो ठीक. ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत बल्बचा टेस्ट लॅम्प जिथे तिथे टोचू नका, तो ओढतो तेवढा करंट आतला सर्किट झेलेलच असं नाही. पिवळे कपलर बहुतेक एअरबॅगचे असतात, तिथे तर हातच नको. नकाशा वाचायला इंग्रजी यावं लागतं हा तुमचा मुद्दाही मला पटत नाही. आपल्या गॅरेजमध्ये मिस्त्री मराठी बोलतो, हाताखालचा पोरगा कन्नड, आणि रिलेच्या (करंटवर चालणाऱ्या स्विचच्या) 30, 85, 86, 87 या पिना दोघांनाही तोंडपाठ असतात. फक्त रंगांची सूची आधी बघायची. जपानी पद्धतीच्या नकाशात बी म्हणजे काळी आणि एल म्हणजे निळी. बी वाचून निळी वायर कापली की मग निस्तरत बसा.

आता एक्सपी. त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, आणि ज्या मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता ते एक्सपीवर नेटला जोडायचं नाही, यात आपलं एकमत आहे. माझ्या लेखातलं एक्सपी व्हर्च्युअलबॉक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत आहे, आणि त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बंद ठेवलंय. ज्याला नेटच दिसत नाही, त्याच्यात नेटवरून काय घुसणार? बाहेरून आत जाते ती फक्त सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल.

तेही प्रत्येक सीडीला लागत नाही. आधी सीडीतले फोल्डर उघडून बघा. बऱ्याचदा आत साधे पीडीएफ किंवा टिफ (चित्राच्या फाइल) असतात, ते थेट उघडतात. नकाशे एसव्हीजीमध्ये (रेषांच्या चित्रांचा फाइल प्रकार) असतील तर जुन्या काळी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अडोबीचा व्ह्यूअर लागायचा. अडोबीने तो 2009 च्या सुरुवातीलाच सोडून दिला, आणि एक्सप्लोररही 15 जून 2022 ला निवृत्त झाला. पण आजचे ब्राउझर एसव्हीजी स्वतःच दाखवतात. फाइल एसव्हीजीझेड (दाबून लहान केलेली एसव्हीजी) असेल आणि उघडली नाही, तर सेव्हन-झिपने सोडवून घ्या किंवा इंकस्केपमध्ये उघडा. खरी अडचण सेटअपची असते. प्रोग्राम 32 बिटचा, पण त्याचा सेटअप त्याहून जुन्या 16 बिटच्या पद्धतीचा, असं त्या काळात सर्रास चालायचं. 64 बिटच्या विंडोजमध्ये 16 बिटचं काही चालवायची सोयच नाही, आणि विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच येतं. तिथे कम्पॅटिबिलिटी मोडची टिकमार्क करून काही होत नाही, बहुतेक वेळा व्हर्च्युअलबॉक्सच लागतो. काही प्रोग्राम सीडी ठरावीक ड्राइव्हवरच शोधतात, तेव्हा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचं अक्षर बदलून द्या.

पायरसीचा आरोप मला लागला, म्हणून कायदाच सांगतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 (1) (एए) सांगतं की, कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याने ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत काढली, आणि ज्या कामासाठी प्रोग्राम दिला त्याच कामाला वापरली, तर तो भंग ठरत नाही. तीच इमेज पेन ड्राइव्हवर भरून विकणं वेगळं. ते मी कधी सुचवलेलं नाही, सुचवणारही नाही.

राहिला खटाटोप कशाला हा प्रश्न. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांनी संपतं आणि पुढे पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं. केए-22 (बेळगाव) आणि केए-23 (चिकोडी) नंबरच्या 2005-06 मधल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्या एमएच-09 (कोल्हापूर) आहेतच. गाडी चालू आहे तोवर तिचा नकाशाही हाताशी पाहिजे. अशा मॉडेलचा नकाशा कंपनीच्या साइटवर असेलच याचा भरवसा नाही.

तुमच्या डब्याचं तेवढं असं करा. सीडी कडेने धरा, चकचकीत बाजू मऊ कापडाने मधून बाहेर पुसा, गोल फिरवून नको. छापील बाजूला चिकटपट्टी वा स्टिकर असेल तर ओढू नका, सीडीत डेटाचा थर त्याच बाजूला रोगणाच्या पातळ लेपाखाली असतो, तो उखडला की संपलं. खालचे ओरखडे पॉलिशने निघू शकतात, वरचे नाहीत. मग इमेजबर्न या प्रोग्रामने प्रत्येकीची आयएसओ (इमेज फाइल) काढा, आणि फाइलला लेबलवरचं मॉडेल, इंजिन, वर्ष आणि पब्लिकेशन नंबर असंच नाव द्या. एखादी वाचता वाचता अडकली तर तीच पुन्हापुन्हा फिरवत बसू नका, बाजूला ठेवा. तशा सीडीसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्राम चालवतात, त्याच्यावर मी वेगळं लिहितो. डबा उघडलात की कुठल्या गाड्यांच्या सीडी निघाल्या ते इथे खाली नक्की लिहा.