तोंडाचा वास

काल रात्री आईनं ताट ठेवता ठेवता वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. वय माझं 31. आणि हे सगळं एका गेमपायी.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट बंद झाला, माझा म्हातारा लॅपटॉप काही अकरा घेईना, म्हणून विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. मस्त चालतं. फक्त विंडोजचे गेम खेळायचे तर वाइन नावाचं सॉफ्टवेअर लागतं, 1993 पासूनचं आहे, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानवाल्यांनी 2018 ला काढलेलं प्रोटॉनही त्याच्यावरच उभं आहे. आता आमचा जिल्हा वर्धा, गांधीजींचा. माझ्या जन्माच्या आधीपासून दारूबंदी. आणि मी फोनवर मित्राला मोठ्यानं सांगतोय, "वाइन टाकली बे, आता बाटली उघडून पाहतो." (वाइन चालवायचं बॉटल्स नावाचं ॲप आहे, खरंच आहे.) मागं तात्या उभे.

तात्या म्हणजे तंटामुक्तीचे माजी अध्यक्ष. पद गेलं, आवाज राहिला. आले होते सातबाऱ्याची प्रिंट काढायला.

"हे काय होय?"

"वाइन आहे तात्या. म्हणजे ती वाइन नाही."

"गिलास तं दिसून राह्यला. लाल."

दिसतच होता. तिरपा गिलास, आत लाल वाइन, त्या लोकांनी आयकॉनच तसा केलाय, त्यांच्या बापाला काय माहीत आमच्या गावात काय होते ते. मी म्हटलं, नावाचा अर्थच आहे, वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर, म्हणजे आम्ही ते नव्हे.

"धरलं का समदेच असं म्हंतेत. मी नाई पेलो."

"अहो, गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, हे लिनक्सला समजावून सांगतं. दुभाषी समजा."

"पेल्यावर मानूस विंग्रजी बोलते, मले मालूम हाय."

सातबारा तसाच टाकून गेले. तो प्रिंटरवर पडून आहे, दोन रुपये बुडाले ते वेगळेच.

बरं, एवढी बदनामी सोसून गेम तरी चालावा! शेडर, म्हणजे गेमची चित्रं काढायचे छोटे प्रोग्राम, तयार होता होता 62 टक्क्यांवर आले आणि लाइन गेली, लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाचीच मेलेली. आणि मित्र रोज रात्री जो खेळतात तो गेम तर उघडतच नाही, त्याच्या अँटी-चीटला, म्हणजे चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, लिनक्स दिसलं की दारातूनच हाकलते. मी आजवर साध्या पत्त्यात चोरी केली नाही, तिकडे मी चोर, इकडे बेवडा, आणि गेम अजून एक मिनिटही खेळलेलो नाही. विंडोजवर पोट्टे चोरून खेळतात त्यांना कोणी विचारत नाही, जाऊ द्या.

संध्याकाळी पानठेल्यावर एकजण जवळ सरकला. "भाऊ, तुह्यापाशी भेटते म्हंते. कितीले?"

माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, फुकट आहे, कोणीही घ्या, कितीही घ्या, दुसऱ्यालाही वाटा.

आज सकाळपासून तिघं येऊन गेले. एकानं रिकामी बिसलेरी आणली होती.