दातांवरून वय? पिल्लापुरतं ठीक

‘दात पिवळे म्हणजे मांजर पाच वर्षांच्या पुढचं’ हे मांजराचं वय कसं ओळखावं यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. दातांचा हिशेब पिल्लांपुरता खरा. 3-4 आठवड्यांत दुधाचे दात दिसू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 30 येतात. पुढे सगळा अंदाजच! आमचा बोका पिल्लू असल्यापासून आमच्याकडे, म्हणजे वय पक्कं माहीत. दोन वर्षांचा असतानाच त्याच्या दाढांवर कीटण चढलं होतं. नव्या डॉक्टरांनी तोंड उघडून (तेही महाशयांनी उघडू दिलं तेव्हा) थेट सहा वर्षं सांगितली.

डोळ्यांबद्दल मात्र लेखात एक ओळही नाही. म्हातारपणी मांजराच्या डोळ्यातलं भिंग निळसर धुरकट दिसायला लागतं, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा कडेला विरतो. मी तरी आधी तेच बघेन.