जहांगीरचे ५५५ आणि गाळलेली हेदर

दर दोन-चार महिन्यांनी तोच संदेश ग्रुपवर फिरून येतो. डॉक्टरांनी खेळायला मनाई केलेला पाकिस्तानचा एक पोरगा, जहांगीर खान, कुठूनसा उगवला, स्क्वॉशचे सलग ५५५ सामने जिंकला. इतका काळ अजिंक्य राहिलेलं जगात दुसरं कुणी नाही. शेवटी म्हणे एका अनोळखी खेळाडूने त्याला हरवलं.

जहांगीर माझाही लाडका. पण हे असं नाही.

आजारपण खरं, हर्नियाच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ‘कुठूनसा’ मात्र चूक. वडील रोशन खान १९५७चे ब्रिटिश ओपन, म्हणजे स्क्वॉशमधल्या मोठ्या मानाच्या स्पर्धेचे, विजेते. फायनलला समोर हाशिम खान होते, ज्यांनी १९४४ साली आपल्या मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकली होती. मोठा भाऊ तोरसमही व्यावसायिक खेळाडू. तो १९७९मध्ये ॲडलेडला कोर्टवर कोसळला आणि गेला. मग भाऊबंदांतल्याच रहमत खानने जहांगीरला घडवलं. १९८१ला टोरांटोत ऑस्ट्रेलियाच्या ज्योफ हंटला हरवून तो सतराव्या वर्षी जगज्जेता झाला.

आता ५५५. एप्रिल १९८१ला तो हंटकडून हरला, त्यानंतर थेट नोव्हेंबर १९८६ला फ्रान्समधल्या तुलूजमध्ये. म्हणजे साडेपाच वर्षं, थोडं वरच. हिशेब करा: वर्षाला जवळपास शंभर सामने. एक स्पर्धा जिंकायला पाच सामने धरले तरी वर्षाला वीस स्पर्धा! प्रदर्शनीय आणि सांघिक सामने मिळवले तर जमेलही, पण यादी कुणीच जोडत नाही. शिवाय अमेरिकेतल्या हार्डबॉल, म्हणजे कडक चेंडूच्या स्क्वॉश प्रकारात १९८४ला बोस्टनमध्ये मार्क टॅलबटने त्याला हरवलं होतं, ते सोयीने गाळलं जातं.

तुलूजचा तो ‘अनोळखी’ म्हणजे न्यूझीलंडचा रॉस नॉर्मन. आदल्याच वर्षी जागतिक स्पर्धेची फायनल तो जहांगीरशीच खेळला होता.

खरी गंमत ‘दुसरं कुणी नाही’ यात आहे. ऑस्ट्रेलियाची हेदर मॅके हॉकीसाठी दमसास राहावा म्हणून स्क्वॉशकडे वळली. अख्ख्या कारकिर्दीत दोन सामने हरली: एक १९६०ला, दुसरा १९६२ला स्कॉटिश ओपनमध्ये. पुढे जवळजवळ वीस वर्षं तिला कुणी हरवू शकलं नाही. १९६२ ते १९७७ सलग सोळा ब्रिटिश ओपन, आणि १९७६, १९७९ला जागतिक विजेतेपद. १९६८च्या ब्रिटिश फायनलचा स्कोअर बघा: ९-०, ९-०, ९-०. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. समोरच्या बेव्ह जॉन्सनने रॅली जिंकल्या असतीलही. त्यातून सर्व्हिस मिळायची, गुण नाही. सर्व्हिस हातात असताना तिला एकही रॅली घेता आली नाही. फायनलमध्ये, हं!

आणि कुठलाही खेळ म्हणालात तर व्हीलचेअर टेनिसची एस्थर व्हर्गीर २००३पासून निवृत्तीपर्यंत एकेरीत हरलीच नाही. तीही दहा वर्षं.

जहांगीरच्या सलग दहा ब्रिटिश ओपनना, १९८२ ते १९९१, पुरुषांमध्ये कुणी हात लावलेला नाही. तेवढं लिहा की. आणि पुढच्या वेळी फॉरवर्ड करताना ‘पुरुषांच्या स्क्वॉशमध्ये’ हे दोन शब्द आधी टाका.