‘आळस’ या एका शब्दाबद्दल

नमस्कार.

केवळ संवादांत लिहिलेल्या, चारचौघांत मोठ्यानं वाचायच्या विनोदी कादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तिची सुरुवातच अशी: ‘ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. ज्याला वर्णन लिहायचा आळस असतो तो नुसते संवाद लिहितो आणि त्याला कादंबरी म्हणतो.’ पुढे तुम्ही एक आकडा चुकल्याचं दाखवलंत, कोण बोलतंय ते कळत नाही अशी तक्रार केलीत आणि नाटक असताना हा प्रकार हवा कशाला, असं विचारलंत.

चूक आधी मान्य करते. ‘ला सेलेस्तिना’ या संवादांतच लिहिलेल्या जुन्या स्पॅनिश पुस्तकाच्या १४९९ च्या आवृत्तीत २१ अंक होते असं मी लिहिलं होतं. ते १६ होते. २१ झाले ते नंतरच्या वाढवलेल्या आवृत्तीत. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. आधी ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात पाटी-पेन्सिल हातात द्यायची, याला मान देणं म्हणत नाहीत. अभ्यासाचंच म्हणाल, तर त्याच वाढवलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ‘दहा माणसं ही कॉमेडी ऐकायला जमली की’ मतभेद व्हायचेच, अशा अर्थाचं वाक्य आहे. पुस्तकाच्या शेवटी, ते छापताना तपासणाऱ्या आलोन्सो दे प्रोआझाच्या ओळी आहेत. त्यांत तो मोठ्यानं वाचणाऱ्याला सांगतो की कधी दातओठांत पुटपुट, कधी आनंदानं बोल, कधी चिडून; सगळ्यांच्या तोंडून प्रश्न विचार आणि उत्तरं दे. आकडा चुकला म्हणून मी हे वाचलंच नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

आता आळस. हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला दोन दिवस तो सोडवेना.

‘खोलीत एक मोडकी खुर्ची होती’ असं लिहून वर्णन करणारा लेखक मोकळा होतो. संवाद लिहिणाऱ्याला ती खुर्ची कुणाच्या तरी तोंडून, कुणाच्या तरी गरजेपोटी काढावी लागते. हे बघा, आत्ताच रचलंय:

‘बसा. अहो, त्या खुर्चीवर नको.’
‘का?’
‘तिचा पाय मोडलाय.’
‘मग ठेवलीत कशाला?’
‘भाडं मागायला येणाऱ्यांसाठी.’
‘मी भाडंच मागायला आलोय.’
‘मग बसा.’

खोली, गरिबी, थकलेलं भाडं, दोघांचं नातं, सगळं यात आलं. मनात वाचताना डोळा पुढे धावतो. ‘मग बसा’ हे खालच्या ओळीत आधीच दिसलेलं असतं. कानाला पुढे धावता येत नाही, त्यामुळे ऐकणारे एकदम हसतात. त्यात ‘असं तो शांतपणे म्हणाला’ घालून पाहा, हसू तिथेच मरतं. आणि हशा झाला की पुढचं वाक्य त्यात बुडतं, म्हणून तिथे बुडालं तरी चालेल असंच वाक्य ठेवावं लागतं. प्रत्येक हशाची जागा लेखकाला आधी ऐकू यावी लागते. हा आळस?

अमेरिकन कादंबरीकार विल्यम गॅडिस यांची ‘जे आर’ १९७५ साली आली, पहिल्या कादंबरीनंतर २० वर्षांनी. ७०० हून अधिक पानं, जवळजवळ सगळा संवाद, आणि बोलणाऱ्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. आळशी माणसाला वीस वर्षं लागत नाहीत.

मी हे ऐकीव बोलत नाही. मी अडखळत बोलणारी मुलगी होते. ‘प’नं सुरू होणारा शब्द समोर आला की माझा गळा आवळायचा. वर्गातल्या एका शिक्षकांनी मला वाचायला उभं करणंच सोडून दिलं. त्यांना वाटलं, ती दया आहे. एकोणिसाव्या वर्षी एका वाचनगटात अशाच एका कादंबरीतल्या भांडकुदळ म्हातारीची वाक्यं माझ्या वाट्याला आली. अकरा पानं वाचली, एकदाही अडले नाही. दुसऱ्याचा आवाज घेतला की तोतरेपणा कमी होतो, असा अनुभव अनेकांना येतो, हे मला नंतर कळलं. पण त्या संध्याकाळी मला एवढंच जाणवलं की त्या म्हातारीच्या प्रत्येक वाक्यात श्वासाला जागा ठेवलेली आहे. कुणीतरी ती वाक्यं लिहिताना मोठ्यानं म्हणून पाहिली होती. त्या माणसाला तुम्ही आळशी म्हणता, ते मी ऐकून घेणार नाही. त्यानंतर बावीस वर्षं मी दर आठवड्याला गटात वाचते आहे. तुम्ही किती वेळा चार माणसांत बसून मोठ्यानं वाचलंत?

कोण बोलतंय ते कळत नाही, म्हणता. मराठीत तर निम्मं काम क्रियापदच करतं. ‘येतो’ की ‘येते’, ‘तू’ की ‘तुम्ही’, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. ‘मी सांगितलं’ इथे मात्र बाई की पुरुष ते कळत नाही, म्हणून जाणता लेखक त्याआधी एखादं ‘आलोय’ किंवा ‘आलेय’ पेरून ठेवतो. कान देऊन ऐकलं तर कळतं.

नाटकाचं म्हणाल, तर नट तालमी करून येतो. इथे वाचणाऱ्यालाही पुढचं वाक्य ऐकणाऱ्यांबरोबरच भेटतं आणि तो स्वतःच हसून अडतो. स्पॅनिश कादंबरीकार गाल्दोसनं १८९७ मध्ये ‘एल आबुएलो’ या आपल्या संवाद-कादंबरीच्या प्रस्तावनेत या पद्धतीची बाजू मांडली आहे. ती मिळवून वाचा, मी इथे उतरवत बसत नाही. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्याजोगं मला काही दिसलं नाही.

वरच्या सात ओळी घरातल्या कुणाबरोबर तरी मोठ्यानं म्हणून बघा, घरमालक तुम्ही व्हा. मग लिहा. आणि पुढच्या वेळी ‘ताई’ नको. लेखाच्या वर माझं नाव आहे.