एआय डिटेक्टरचा आकडा म्हणजे पुरावा नाही
मीडिया शिकवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, की डिटेक्टरने, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने, असाइनमेंट एआयची आहे असं दाखवलं की चोरी सिद्ध, डायरेक्ट शून्य द्या. असं काही नाहीये हो. डिटेक्टर जो टक्क्यांचा आकडा दाखवतो तो नुसता अंदाज असतो, पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यं किती एकसारखी आहेत यावरून काढलेला, आणि बातमी लिहायला आपण तेच तर शिकवतो ना, साधी छोटी वाक्यं, कोण काय कुठे कधी, म्हणजे नीट शिकलेलं पोरगंच आधी अडकणार! खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं होतं, त्यांच्याच टेस्टमध्ये एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच शिक्का बसला, जुलैमध्ये बंदच करून टाकलं.

आता एआयकडून खोटे कोट, म्हणजे लोकांच्या तोंडची न बोललेली वाक्यं, बनवून घेतले तर ती फसवणूकच, त्यात वाद नाही. पण पकडायचं तर पोराला समोर बसवा, कोणाशी बोललास, रेकॉर्डिंग कुठंय, पहिला ड्राफ्ट दाखव, एवढं विचारलं तरी कळतं. आणि चॅटबॉटलाच "हे तू लिहिलंस का" विचारून मार्क कापणारे पण आहेत, अहो त्याला ते ओळखताच येत नाही, तो बिनधास्त हो म्हणून टाकतो.